बोळातल्या पायघड्या

"मावशी, अहो हे काय करून ठेवलंत!"

मशीनवाल्या ताईंचा आवाज आला तसा मावशींच्या हातातला मॉप थांबला. इस्पितळात औषधाच्या खोलीपासून एमआरआय मशीनच्या खोलीपर्यंत सगळा बोळ ओलाचिंब होता.

"डोस फेल गेला म्हणालात ना? मला वाटलं, आजचं उरकलं."

"पहिला गेला. दुसरा आहे, पण तो शेवटचा. मास्तर आत मशीनमध्ये झोपलेत. दोन मिनिटांत डॉक्टर सिरिंज घेऊन पळत येतील. घसरले म्हणजे?"

मास्तर म्हणजे शिंपी. यकृतातल्या गाठीवर त्यांना नवी गोळी सुरू होऊन आठच दिवस झाले होते. गाठ आटली की नाही हे कळायला दोन महिने लागले असते, आणि गोळी फुकट जात असेल तर मास्तरांकडे तेवढे महिने नव्हते. ही तपासणी आजच सांगणार होती. कार्बनचं औषध तीन तास गोठवून चुंबकानं जागं करायचं, ऊन पाण्यात विरघळवून टोचायचं आणि गाठ ते किती खाते ते बघायचं. मशीन सगळं यकृत चहूबाजूंनी काही क्षणांत टिपत असे. पण औषधाची जाग मिनिटभरात उतरणीला लागायची.

मावशी धावल्या त्या चादरींच्या गाडीकडे. कोरडी सुती चादर ओल्या फरशीला चिकटते, सरकत नाही, हे वीस वर्षं फरशी पुसून त्यांना ठाऊक झालं होतं. एकापुढे एक नऊ चादरी अंथरल्या आणि मशीनच्या खोलीचं दार पाठीनं उघडं रेटून त्या उभ्या राहिल्या.

डॉक्टर आले ते वाऱ्यासारखे. चादरींवरून धप् धप् पावलं वाजली आणि आत गेली. मावशींनी डोळे मिटून घेतले होते.

अर्ध्या तासानं मास्तर बाहेर आले. मागून ताई हसत म्हणाल्या, "गाठीची भूक मंदावलीय, मावशी. गोळी लागू पडतेय."

"जन्मभर लोकांची मापं घेतली," मास्तर म्हणाले. "आज माझं घेतलं, तेही टेपशिवाय! आणि हे काय अंथरलंय?"

मावशींनी खाली मान घालून सगळं सांगितलं. "चुकलं माझं, मास्तर."

"चुकलं कसलं? पायघड्या म्हणतात याला. मला कोण घालतंय हो एरवी?"

"मग या की त्यावरून."

"छे! कापडावर पाय देत नाही मी." ते भिंतीच्या कडेकडेनं आले आणि वाकून त्यांनी चादरीचं एक टोक उचललं.

"राहू द्या, धुवायलाच जायच्यात. बोळा करून टाकते."

"बोळा बघवत नाही मला. धरा तिकडून."

दोघं समोरासमोर उभी राहून चादरी घडी करू लागली. कोपऱ्याला कोपरा लागत गेला. शेवटच्या चादरीवर बुटाचा ओला ठसा होता. मास्तरांनी त्यावरून हलकेच तळहात फिरवला आणि तो आत राहील अशी घडी घातली.