तीन चिठ्ठ्या

सुलाबाई पगारे सिव्हिल हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरली तेव्हा तिच्या पायांत चपला नव्हत्या. वॉर्डाच्या दाराशी काढलेल्या, त्या तिथंच राहिल्या. नाक्यावर एक रिक्षावाला "बसता का मावशी?" म्हणाला, तर ती त्याच्याच अंगावर खेकसली. मार्चमधलं ऊन, डांबर तापलेलं, अन् बाई नुसती चालत सुटली होती. तिला सोमाला गाठायचं होतं.

अर्ध्या तासापूर्वी घशाच्या मोठ्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याच्या, मल्हारीच्या, तोंडात आरसा घालून पाहिलं होतं. हात धुता धुता त्यांनी विचारलं, "आवाज कधीपासून बसलाय?"

"श्रावणापासून," सुलाबाईनंच सांगितलं. मल्हारीला चार शब्द बोलायचे तर धाप लागत होती.

"म्हणजे सात महिने. गाठ आहे आत. कॅन्सरच दिसतोय, तुकडा तपासला की नक्की कळेल. तेव्हाच आला असता तर नुसत्या किरणांच्या शेकावर भागलं असतं, आवाजही राहिला असता. आता मुंबईला न्यावं लागेल. इतके दिवस औषध कोण देत होतं?"

मल्हारीनं मान खाली घातली. "सोमा," तो कसाबसा म्हणाला. "खैरनार डॉक्टर."

बस्स, एवढं ऐकलं अन् ती उठली.

डॉक्टर सोमनाथ खैरनार म्हणजे कॉलनीतला पहिला डॉक्टर. दवाखाना उघडला तेव्हा सगळ्या कॉलनीनं बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला होता, अन् दुसरा हार सोमाच्या गळ्यात सुलाबाईनं स्वतः घातला होता. आपला माणूस डॉक्टर झाला, आता आपल्याला कुणाच्या दारात ताटकळावं लागणार नाही, असं त्या दिवशी ती दहा जणींना म्हणाली होती. त्याच सोमानं सात महिने घशाला बाटलीतलं लाल औषध दिलं? चालता चालता तिच्या दातांवर दात घट्ट बसले होते.

मल्हारी एस.टी.त कंडक्टर. नाशिक-सुरगाणा गाडीवर बारा वर्षं. "दिंडोरी, वणी, बोरगाव, सुरगाणाऽऽ" अशी त्याची हाक स्टँडच्या त्या टोकाला ऐकू जायची. दिवसाला बिडीचा एक कट्टा संपायचा, कधी दीड. श्रावणात आवाज फाटला, दिवाळीपर्यंत पार बसला. मग तो गाडीच्या पत्र्यावर थापा मारून माणसं बोलवायला लागला. सुलाबाई रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून द्यायची, हळदीचं दूध द्यायची. दर वेळी विचारायची, "डॉक्टर काय म्हणाले?" दर वेळी एकच उत्तर. "धूळ अन् ओरडणं. सुटेल आवाज हळूहळू." अन् काल भाकरीचा तुकडा घशात अडकून त्याचे डोळे पांढरे झाले, तेव्हा तिनंच त्याला रिक्षात घालून सिव्हिलला आणलं.

दवाखान्यात बाकड्यांवर दहा-बारा माणसं होती. कंपाउंडर "नंबर घ्या" म्हणेपर्यंत ती पडदा सारून आत गेली होती. आत एका म्हातारीच्या दंडाला पट्टा बांधून सोमा ब्लडप्रेशर बघत होता.

"सोमा!" डॉक्टरसाहेब वगैरे काही नाही. "डॉक्टर झाला होय रे तू? माझ्या नवऱ्याचा घसा कुजला, अन् तू लाल पाणी देत बसला? तुला गाठ दिसली नाय? का आपल्या माणसाला कसं का बघितलं तरी चालतं? म्हणायचं, जाते कुठं ही कॉलनी, येते परत माझ्याच दारात!"

म्हातारी घाबरून उठली. बाहेरची माणसं पडद्याशी गोळा झाली. सुलाबाई थांबली नाही. त्याच्या हाराचं बोलली, त्याच्या शिक्षणाचं बोलली, त्याच्या आईचंही नाव घेतलं. सोमानं म्हातारीच्या दंडाचा पट्टा सोडला, तिला बाहेर बसवलं, अन् परत येऊन उभाच राहिला. सुलाबाईचा श्वास संपल्यावर म्हणाला, "काकी, मी चिठ्ठी दिली होती."

"कसली चिठ्ठी?"

"सिव्हिलला घसा दाखवायची. भाद्रपदात पहिली. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही, तेव्हाच लिहून दिली. दिवाळीत दुसरी. जानेवारीत तिसरी दिली तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो. कॅन्सर हा शब्द उच्चारला. म्हटलं, काकीला पाठवा, मी समजावतो. तर म्हणे, ती घोटीला बहिणीच्या बाळंतपणाला गेलीय."

सुलाबाईची बहीण घोटीला होती खरी. तिला मूल होऊन नऊ वर्षं झाली होती.

"खोटं बोलतो."

"विचारा त्यांना."

ती क्षणभर भिंतीला टेकली. मग परत उसळली. "अन् तू घरी का नाय आला? चार गल्ल्या पलीकडं राहते मी. हाक मारली असती तरी आले असते!"

सोमाचा चेहरा उतरला. "त्यांनी शपथ घातली. म्हणाले, सुलाला कळलं तर ती हाय खाईल. मी दिंडोरीला शाळेत होतो तेव्हा रोज माझी जागा धरून ठेवायचे ते गाडीत. त्यांच्या शब्दाबाहेर जाणं... जमलं नाही. चुकलं माझं."

"चुकलं!" ती म्हणाली. "शपथ पाळली तू. लय मोठा माणूस झालास."

माणसांतून वाट काढत ती बाहेर पडली. परतीच्या वाटेवर पाय भाजत होते, ते तिला आता कळलं. रागानं डोकं भणभणत होतं, पण आता त्याला दोन तोंडं फुटली होती. त्यातच तिला आठवलं. डिसेंबरात मल्हारी तापानं पडला होता. "डॉक्टर म्हणाले, बिडी एकदम सोडली तर छातीला त्रास होतो. दोन-चार चालतील," असं तो म्हणाला, अन् ती स्वतः, डोक्यावर पदर घेऊन, कोपऱ्यावरच्या टपरीवरून कट्टा घेऊन आली होती. एकदा नाही, आठवडाभर. स्वतःच्या हातानं.

ती वॉर्डात शिरली तेव्हा मल्हारी उठून बसला होता. तिचा चेहरा बघूनच त्याला समजलं.

"माझी बहीण बाळंत झाली म्हणं," सुलाबाई म्हणाली.

त्यानं नजर चादरीवर वळवली.

"तीन चिठ्ठ्या कुठं हायत?"

"फाडल्या," ओठांच्या हालचालीवरून तिनं ओळखलं.

"का?"

त्यानं धाप घेत, तुटत तुटत सांगितलं. रंगनाथ आठव. त्यांच्याच डेपोतला ड्रायव्हर. जिभेला फोड आला, दवाखान्यात गेला, चाकू लागला, अन् दोन महिन्यांत गेला. चाकू लागला की पसरतं. सगळे म्हणतात.

"रंगनाथभाऊ वर्षभर जिभेला तूप लावत बसला, ते नाय सांगत कुणी!" तिचा आवाज सगळ्या वॉर्डभर गेला. "तुम्ही भ्याले, ते मला कळतं. मी पण भ्याले असते. पण मला का फसवलं? मी गुळण्या करून देत होते अन् तुम्ही मनात हसत होते का रडत होते? मला बिड्या आणायला लावल्या! माझ्या हातानं!"

नर्स धावत आली. "बाई, हळू बोला, पेशंट आहेत."

"सात महिने हळूच बोलले मी!" सुलाबाई म्हणाली, अन् उशीखाली हात घातला. तिला वाटलं तेच निघालं. अर्धा कट्टा. तिनं त्या बिड्या एकेक करून नाही, एकदमच मुठीत चुरगाळल्या, खिडकीतून फेकल्या, अन् मग खाटेच्या कडेला बसून ढसाढसा रडली. मल्हारीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तिनं तो झटकला.

मुंबईला त्याचं स्वरयंत्र काढलं. गळ्याला कायमचं भोक पडलं, त्यातून श्वास. गाठ पसरलेली नव्हती, एवढं नशीब. तो जगला. डेपोनं बसून करायचं काम दिलं. बिडीला त्यानं पुन्हा हात लावला नाही, अन् त्याबद्दल सुलाबाईनं त्याचं कधी कौतुकही केलं नाही. रोज सकाळी ती त्याच्या गळ्यातली नळी काढून धुवायची, अन् धुताना तोंड चालूच असायचं. ओठांवरून तो काय म्हणतो ते तिला कळायला लागलं होतं. पण भांडताना ती मुद्दाम मान फिरवून बोलायची.

सोमाच्या दवाखान्यात ती वर्षभर गेली नाही. मग शेजारच्या चिमणाबाईचा नवरा बहिरू गालातल्या जखमेवर चुना-हळद लावतो, अन् डॉक्टर म्हणतात उष्णता आहे, असं घरी सांगतो, हे कानावर आलं. सुलाबाईनं चिमणाबाईचा हात धरला अन् तिला तडक सोमापुढं उभं केलं.

"बहिरूला चिठ्ठी दिली का?"

सोमानं मान हलवली. "दोनदा."

"तिसरी हिच्या हातात दे. इथून पुढं आमच्या कॉलनीतल्या कुठल्याबी माणसाला चिठ्ठी दिलीस, की घरच्या बाईला बोलवायचं. शपथा पाळायच्या नाय."

"बरं काकी," सोमा म्हणाला, अन् चिठ्ठी लिहायला बसला. बहिरूला दुसऱ्याच दिवशी दोघींनी सिव्हिलला नेलं. त्याची जखम लहान होती.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मल्हारीनं भात शिजवून ठेवला होता, मऊ, त्याला गिळता येईल असा. त्याला सगळं कळलेलं होतं. ती हातपाय धुऊन पाटावर बसली, तेव्हा त्यानं ओठ हलवले. तिनं या वेळी मान फिरवली नाही.

"राग गेला का, विचारता?" ती म्हणाली. "नाय गेला. जायचापण नाय. वाढा आता, भूक लागलीय."