बायकांचं दार

परळच्या त्या दगडी चर्चला दोन दारं होती. एक समोरचं मोठं, रस्त्याकडे तोंड केलेलं, आणि दुसरं डाव्या भिंतीतलं बुटकं, गल्लीत उघडणारं. बुटक्या दाराला सगळे 'बायकांचं दार' म्हणत. पूर्वी बाया डोक्यावर पदर घेऊन तिथूनच आत येत, डावीकडच्या बाकांवर बसत आणि उपासना संपली की तिथूनच बाहेर पडत. आता कोण कुठल्या दाराने येतं याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, पण बसायची सवय काही सुटली नव्हती. बाया डावीकडे, बाप्ये उजवीकडे. टॉवरमध्ये राहायला गेलेली माणसंसुद्धा चर्चमध्ये शिरली की आपोआप दोन बाजूंना फुटत. विचारलं तर म्हणत, कोणीही कुठेही बसावं की, अडवलंय कोणी? आणि बसत मात्र कोणीच नसे.

शुलमिथ रणपिसे डावीकडच्याच बाकांवर लहानाची मोठी झाली. नायगावच्या बीडीडी चाळीतली पोरगी, बाप पोलिसात. पुण्याला जाऊन धर्मशास्त्राची पदवी घेऊन आली. दुसऱ्या मोठ्या चर्च-मंडळ्यांत बाया पाळक, म्हणजे धर्मगुरू, होऊन कैक वर्षं झाली होती, पण ही मंडळी पडली स्वतंत्र. वर विचारणारं कोणी नाही आणि कारभार बघणारे पंच ऐकणारे नाहीत. म्हातारे पाळकसाहेब निवृत्त होऊन लेकाकडे गेले आणि दुसरा पाळक काही मिळेना. मग दर रविवारी पंचांचा सेक्रेटरी राजरत्न भालेराव पुलपिटावर, प्रवचनाच्या उंच चौथऱ्यावर, चढे आणि कुठलातरी जुना संदेश अशा सुरात वाचे, की पुढच्या बाकावरची नलूमावशी पहिल्या पानालाच डुलक्या घेऊ लागे. शिकून आलेली शुलमिथ खाली बसून ऐके. तिला काय वाटत असेल हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

शेवटी तिनेच विचारलं. राजरत्न गोड हसला. माणूस वाईट नव्हता. बेस्टमधून रिटायर झालेला, कुणाच्याही मयताला सगळ्यात आधी हजर.

"शुलू, साक्ष दे ना तू, आपला अनुभव सांग," तो म्हणाला. "खाली उभं राहून साक्ष द्यायला बायकांना कोणी अडवलंय? संदेश वेगळा. तो वरून द्यायचा असतो."

"अंकल, चार पायऱ्यांचा तर फरक आहे."

"बायबलात पौलाने लिहून ठेवलंय, बेटा. बायकांनी मंडळीत गप्प राहावं. ते बदलणारा मी कोण?"

शनिवारी दुपारी चर्च झाडायचं, फुलदाण्या भरायच्या हे काम मात्र शुलमिथकडेच होतं. त्याला पौलाची काही हरकत नसावी.

मग एका शनिवारी झाडू भिंतीला टेकवून ती चार पायऱ्या चढली. तिच्याकडे एक संदेश होता. पुण्याला असल्यापासून तो तिच्या मनात घोळत होता, हागारेवरचा. हागार म्हणजे अब्राहामाच्या घरातली दासी. त्या घरात नवरा-बायको दोघांनी तिला कधी नावाने हाक मारली नाही, 'दासी' एवढंच म्हणाले. तिला रानात पळून जावं लागलं, आणि त्या रानात तिने चक्क देवाला नाव दिलं. मला पाहणारा देव, असं ती त्याला म्हणाली. शुलमिथने रिकाम्या बाकांना तो संदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. सांगताना तिला फार सुख वाटलं. शेवटी ती म्हणाली, "आमेन."

डावीकडची बाकं म्हणाली, "आमेन."

तो प्रतिध्वनी नव्हता. प्रतिध्वनी तिच्याच आवाजात आला असता. हा पुष्कळ जणींचा होता, दबका, तोंडाला पदर लावून उच्चारल्यासारखा. ती खाली उतरली. तिसऱ्या बाकाच्या फळीवर हात ठेवला तर फळी कोमट लागली, कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. ऊन तर पलीकडच्या खिडक्यांतून येत होतं.

नलूमावशीला तिने घाबरत घाबरत सांगितलं. मावशी हसली नाही.

"तिसरं बाक ना? ती बायबलबायांची जागा," मावशी म्हणाली. "सुभद्राबाई तिथंच बसायची. पिशवीत बायबल घालून चाळीचाळीतून हिंडायची ती. बाप्ये गिरणीत गेले की खोलीखोलीत जाऊन बायांना वाचून दाखवायची. लालबाग, नायगाव, पार वरळीपर्यंत. बोलून बोलून घसा बसायचा तिचा. आणि रविवारी इथे पाळकसाहेब उभे राहून सांगायचे, सुभद्राबाई या आठवड्यात अमक्या चाळीत जाऊन आल्या. ती तिथंच बसलेली असायची, मान खाली घालून. स्वतः एक अक्षर नाही बोलली कधी. अशा बऱ्याच होत्या. तशाच गेल्या."

त्याच महिन्यात राजरत्नचा घसा बसला. सर्दी नाही, ताप नाही, शनिवारी संध्याकाळी आवाज गेला तो गेलाच. रविवारी सकाळी त्याने शुलमिथला कोपऱ्यात बोलावलं आणि घशातल्या घशात म्हणाला, "आजच्या दिवस तू."

ती वर चढली. हातात हागारेचा संदेश होता, समोर मंडळी होती. तिने तोंड उघडलं.

"बायांनो," तिच्या तोंडून आलं, "चुलीपुढून उठू नका, तिथूनच ऐका. मी काय लांबून आलेली नाय. पलीकडच्या चाळीतून आलेय."

आवाज जाडसर होता, मिश्री लावणाऱ्या बाईसारखा. शुलमिथ ओठ मिटू पाहत होती आणि ओठ मिटत नव्हते. तो आवाज सांगू लागला, लालबागच्या एका खोलीत तान्हं मूल गेलं होतं आणि नवरा रातपाळीला होता. मी पिशवीतून बायबल काढलं, पण त्या माउलीपुढं वाचावं असं एकही वचन मला गवसेना. मग मी तिची भांडी घासली. सगळी घासली, उपडी घातली. देव त्या दिवशी माझ्या तोंडात नव्हता, बायांनो, त्या भांड्यांत होता.

उजवीकडचे बाप्ये रडले. राजरत्नने चष्मा काढून डोळे पुसले. उपासनेनंतर सगळे शुलमिथला भेटायला धावले, नलूमावशी मात्र बाकावरच बसून होती. तिने शुलमिथचा हात धरला.

"सुभद्राबाईचा आवाज," ती म्हणाली. "लहानपणी ऐकलाय मी, आमच्या खोलीत."

"मावशी, मी हे बोलणारच नव्हते."

"ठाऊक आहे गं."

पंचांना संदेश इतका आवडला की त्यांनी पुढचा रविवारही तिलाच दिला. पौलाचं नाव कुणी काढलं नाही. पुढच्या रविवारी दुसरीच बोलली, मालवणी हेल काढून. तिच्यानंतरची मध्येच खोकायची, आणि घरी गेल्यावर शुलमिथच्या जिभेवर रक्ताची चव रेंगाळत राहिली. एक तर बोलायच्या आधी नुसतीच हुंदके देत राहिली. इतक्या वर्षांनी पाळी आली, आणि काय बोलायचं होतं तेच तिला आठवेना. वरळीहून, दादरहून माणसं ऐकायला येऊ लागली. चर्च भरलं. तरी डावीकडच्या बाया नकळत मध्ये मध्ये जागा सोडून बसू लागल्या. पुलपिटावरून ते स्पष्ट दिसे. एक बाई, मग रिकामी जागा, मग दुसरी बाई. रांग लागली होती, आणि ती सरेल असं काही दिसत नव्हतं.

पंचांनी ठराव केला. राजरत्नचा आवाज परत आला होता, त्यानेच आनंदाने येऊन सांगितलं, "शुलू, येत्या रविवारी दीक्षाविधी. बाहेरचे पाळक येतायत. आधी तुझा संदेश, मग तुझ्या डोक्यावर हात ठेवतील. पाळक होशील तू या मंडळीची!"

शुलमिथला आनंद व्हायला हवा होता. तिला राग आला. खरं सांगायचं तर हेवाही वाटला. शिकली ती, अपमान गिळले तिने, आणि पुलपिट मिळालं तर त्यावर दुसऱ्याच बाया बोलणार? दीक्षा तिला मिळणार, तीही उसन्या शब्दांवर? हागार अजून तिच्या पोटातच होती. निदान त्या एका दिवशी तरी तिला स्वतःचं बोलायचं होतं.

शनिवारी दुपारी ती पुलपिटावर चढली.

"उद्या माझा दिवस आहे," ती डावीकडे बघून म्हणाली. "उद्या मला बोलू द्या."

कुजबुज सुरू झाली. बाकं करकरली. तिने हात जोडले, समजावलं, पुढच्या रविवारी बोला म्हणाली. कुजबुज वाढतच गेली. कोणीतरी खोकलं, कोणीतरी हुंदका दिला, आणि तिच्या स्वतःच्या घशात तो जाडसर आवाज चढू लागला. तिने दोन्ही हातांनी पुलपिटाची कड धरली आणि ओरडली,

"बायकांनी मंडळीत गप्प राहावं!"

सगळं थांबलं. वाद नाही, विनवणी नाही. जन्मभराची सवय होती त्यांना. बाकं एकामागून एक करकरली, माणसं उठताना करकरतात तशी, आणि पावलं बुटक्या दाराकडे निघाली. शेवटची पावलं पुलपिटापाशी क्षणभर थांबली. दिसलं काहीच नाही, पण लुगड्याची सळसळ ऐकू आली, डोक्यावरचा पदर पुढे ओढताना होते तशी. मग तीही गेली. शुलमिथ खाली उतरली आणि तिने बायकांच्या दाराला कडी घातली. घरी जाताना तिला फार हलकं वाटलं. आणि रात्री कसलंतरी वाईट वाटत राहिलं.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. पाहुणे पाळक झगे घालून बसले होते. शुलमिथ पांढऱ्या साडीत चार पायऱ्या चढली. घसा मोकळा होता, त्यात कोणी नव्हतं. हागार अगदी ओठांवर होती. तिने मंडळीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, छाती भरली, पण नुसती हवा बाहेर पडली. राजरत्नने माईकची वायर तपासली. बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार! खालून कोणीतरी पाण्याचा ग्लास दिला, तो तिने रिकामा केला, आणि पुन्हा तेच. डावीकडे बाया बसल्या होत्या, मध्ये जागा न सोडता, खेटून, आणि त्यांच्यातली एकही हलत नव्हती, खोकत नव्हती. तेव्हा तिला कळलं. तिने काल हुकूम सोडला तो डावीकडच्या सगळ्यांना सोडला होता, आणि ती स्वतः डावीकडचीच होती. इतके रविवार तिच्या तोंडून परक्या बाया बोलत होत्या असं ती समजत होती. पण सगळ्यात परकं वाक्य ती काल स्वतःच्या आवाजात बोलली होती.

तिला लाज वाटली, इतकी की डोळे भरून आले.

राजरत्न उजवीकडून उठला. त्याच्या खिशात घडी केलेला जुना संदेश होता, वेळप्रसंगी असावा म्हणून आणलेला. "घाबरली पोरगी," तो पाहुण्यांना हळूच म्हणाला. "होतं असं. मी वाचतो." आणि तो पुलपिटाकडे चालू लागला.

शुलमिथ पायऱ्या उतरली. राजरत्नला वाटलं, ती जागा देतेय. ती त्याच्या शेजारून निघाली, डावीकडे वळली आणि भिंतीपाशी जाऊन तिने बायकांच्या दाराची कडी ओढली. दार फुगलेलं होतं. तिने खांदा लावून ढकललं.

"शुलू, काय करतेस?"

दार उघडलं. गल्लीतला उजेड आत आला, कोपऱ्यावरच्या वड्यांचा वास आला, बसचा हॉर्न आला. उंबऱ्यात कोणी नव्हतं. शुलमिथ दार धरून उभी राहिली. तिने डोक्यावर पदर घेतला नाही, पण मान लववली, घरी थोरामोठ्यांना आत घेताना लववतात तशी.

आधी नलूमावशी शेजारी जागा करत बाकावर सरकली. मग तिच्या मागची बाई सरकली, मग तिच्या मागची. कोणी सांगितलं नव्हतं. बाकं करकरली, थांबली, पुन्हा करकरली. राजरत्न मधल्या वाटेत कागद हातात धरून उभा होता. त्याने अंग चोरलं आणि बाजूला झाला, कोणाला तरी जायला वाट द्यावी तसा. का झाला, ते त्याला पुढे कधी सांगता आलं नाही.

शुलमिथ पुन्हा वर चढली. दार तिने उघडंच ठेवलं होतं.

"बायांनो," ती म्हणाली. आवाज फुटला. "काल मी तुम्हाला गप्प केलं. मला माफ करा." आणि मग म्हणाली, "हागार नावाची एक बाई होती."

तो आवाज थोडा जाडसर होता, आणि त्यात मधूनच खोकला येत होता. तो कोणाचा आहे हे तिने पाहिलं नाही, ती बोलत राहिली.