गव्हाणीवरची फांदी

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी डिंपना गोठ्यात पाणी ठेवायला गेली, तर पेगीन गाढवी तोंड हलवत उभी होती आणि गव्हाणीवरच्या खिळ्याला नुसता दोरा लोंबत होता.

"दादा! इथे काय अडकवलं होतंस?"

तिचा थोरला भाऊ फिंटन अंगणातूनच ओरडला, "चर्चमधली फांदी गं! फादरनी पाणी शिंपडलेली. पेगीनला वर्षभर काही बाधू नये म्हणून."

त्या थंड मुलखातल्या गावात ताडामाडाच्या झावळ्या कुठून येणार? पिढ्यान्‌पिढ्या लोक चर्चच्या आवारातल्या यू नावाच्या विषारी झाडाच्याच फांद्या आशीर्वादाला नेत. ते झाड चर्चहून जुनं, पाच माणसांच्या कवेत न मावणारं. त्याची मूठभर पानं घोड्याला उभ्याउभ्या लोळवतात, हेही पोराटोरांना ठाऊक होतं. फक्त या दोन गोष्टी एकाच वेळी कुणाला आठवत नसत.

"बाबा शिडी चढून आढ्याला बांधायचे," डिंपना म्हणाली. "आणि तू घासावर?"

"गुडघा दुखतो गं माझा..." फिंटनने गोठ्याच्या दारात येऊन टोपी काढली.

जनावरांचा डॉक्टर फोनवर म्हणाला, "यावर उतारा नाही. तिला चालवू नका, दचकवू नका. पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे कान लावून मिनिटाचे ठोके मोजा. मंदावले तर लगेच कळवा. इथे गाय अडलीय, सुटली की निघतो."

डिंपना पेंढ्यात बसली. अठरा वर्षं तिने या गाढवीला खरारा केला होता, शिव्या दिल्या होत्या, गाढवांच्या पाठीवर जन्मतःच असतो त्या काळ्या क्रुसावरून हात फिरवला होता. कान मात्र आज पहिल्यांदाच लावला. आत कुणीतरी सावकाश, न चुकता, लाकूड फोडत होतं.

"किती?" फिंटनने विचारलं.

"चव्वेचाळीस."

"प्रार्थना म्हणू?"

"मनात म्हण. दचकवू नका म्हणालाय."

तास गेला. बेचाळीस. डिंपनाचा कान बधिर झाला, तरी तिने तो हलवला नाही. एवढ्याशा हिरव्या सुया, आणि हे एवढं मोठं काम थांबवू शकतात! आणि हे काम तिच्या नकळत, तिच्या शिव्या खात, अठरा वर्षं चाललेलं.

फिंटन दुखऱ्या गुडघ्यावर रांगत पेंढा चाळत होता. चावून थुंकलेला, ओला एकेक तुकडा तो टोपीत जुळवत गेला. संध्याकाळी डॉक्टर आला, तेव्हा वीतभर फांदी टोपीत जवळजवळ सबंध उभी राहिली होती. नखाएवढा शेंडा तेवढा कमी होता.

डॉक्टरने बराच वेळ नळी लावून ऐकलं. "चव्वेचाळीस," तो म्हणाला. "कडू लागली असेल. सगळी जनावरं थुंकत नाहीत हो. मी थुंकलेली फारशी पाहिली नाहीत." त्यानेही टोपी काढली, आदराने की घाम पुसायला, कुणास ठाऊक.

"बाबा शिडी का चढायचे, ते आज कळलं," फिंटन पुटपुटला आणि लंगडत रस्त्याला लागला. वरच्या तिन्ही घरांत घोडी होती, आणि सकाळी चर्चमधून तिथले लोकही फांद्या घेऊन गेले होते.

"काठी तरी घे!" डिंपना मागून ओरडली. मग ती परत पेंढ्यात बसली आणि तिने कान लावला. या वेळी तिने मोजलं नाही.