लेंड्यांची शर्यत

मी घरजावई आहे. आमच्याकडे मलावीत बहुतेक पुरुष असतातच, त्यामुळे त्यात लाज नाही. जाच मात्र आहे. शेत बायकोचं, शेळ्या बायकोच्या, पोरगी बायकोच्या कुळाची, आणि या सगळ्यावर शब्द चालतो तो तिच्या मामाचा, बिझिवेकीमामांचा. मी आलो तेव्हा रीतीप्रमाणे आधी शेळ्यांचं घर बांधून दाखवावं लागलं. उंच खांब, वर फटी ठेवून बांधलेल्या काठ्या, लेंड्या खाली पडाव्यात म्हणून. मामांनी खांब हलवून पाहिले आणि म्हणाले, "हे पडलं तर तूही पडलास." ते अजून उभं आहे.

आता माझ्या आईला दिसेनासं झालंय. बायकोला आणि पोरीला, एलिफाला, घेऊन आईकडे राहायला जायचं तर मामांची परवानगी लागते. मी कोंबडा घेऊन विचारायला गेलो. मामांनी कोंबडा ठेवून घेतला. म्हणाले, "त्या बाईचा ढीग मोजून होऊ दे. खत शेतात पडलं की जा."

ती बाई म्हणजे तियामिके, शेतकी संशोधन केंद्रातली. शेळ्यांच्या खतातला नायट्रोजन मलावीत किती वाया जातो आणि केनियात किती, याची ती तुलना करत होती. इथला ढीग आमचा, तिथला कुणा केनियन माणसाचा. दोन्ही एकाच दिवशी रचलेले, मोजायचेही एकाच दिवशी. तोवर झाकायचं नाही, हलवायचं नाही, मूठभरही शेतात टाकायचं नाही. मामांनी तिला शब्द दिला आणि राखणीला मला बसवलं.

मोजायची वेळ आली आणि बाईचा फोन आला. केनियातल्या घरी मयत झाल्यामुळे तिथलं मोजणं पुढे गेलं होतं, म्हणून इथलंही. "थोडं थांबा, दादा."

"मयत कुणाकडे आणि अडकलं कोण," मी बायकोला म्हणालो.

फालेसी म्हणाली, "एलिफाचे बाबा, गुपचूप झाकून टाकू का? निदान खत तरी वाचेल."

"आणि बाईने ओळखलं तर? मामा पहिल्यापासून रचायला लावतील."

रोज सकाळी ढिगापाशी गेलं की डोळे चुरचुरत. बाई म्हणाली होती, नाकाला जे झोंबतं तेच उडून चाललेलं असतं. मला त्याचा हेवा वाटे. त्याला कुणाच्या मामाला विचारावं लागत नव्हतं. आई फोनवर विचारी, "निघालास का रे?" मी म्हणे, "थोडं काम आहे." लेंड्यांसाठी थांबलोय हे आईला कुठल्या तोंडाने सांगणार?

शेवटी बाई आली, ढीग तोलला, पिशवीत नमुने नेले. खत सऱ्यांत पडलं. फालेसीने चटई गुंडाळली, भांडी बांधली. आम्ही निघणार त्याच सकाळी बाई निकाल सांगायला हजर.

"कोण जिंकलं?" मामांनी विचारलं.

"मामा, ही शर्यत नाही हो. पण तिथे कमी वाया गेलं. त्यांच्या शेळ्या जमिनीवर बसतात, मूत लेंड्यांत मुरतं, तुडवून घट्ट होतं. तुमच्या उंच घरातून ते मातीत जिरून जातं आणि लेंड्या सुट्या राहतात."

मामांनी शेळ्यांच्या घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तरी म्हटलं. बांधलंय कुणी?"

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण ते घर मी माझ्या हाताने बांधलेलं, या गावात माझं म्हणावं असं तेवढंच. तोंडातून निघून गेलं, "खाली जाड गवत अंथरलं तर मूत धरून राहील. एका हंगामात नासाडी केनियाच्या खाली आणून दाखवतो."

बाईचा चेहरा उजळला. मामांचा तर त्याहून.

"ऐकलंत ना, बाई? पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. जावई इथेच आहे."

"मामा, माझी आई तिकडे... आणि तुम्ही कोंबडा घेतलात."

"कोंबडा खाल्ला. गोड होता. पण आत्ता शब्द कोणी दिला, मी की तू?"

मी फालेसीकडे पाहिलं. तिने गाठ सोडली, चटई उलगडली आणि अंगणात उन्हाला घातली.

खिशात फोन वाजायला लागला. आईच असणार. मी विळा घेतला आणि गवत कापायला गेलो.