मार्लिसचा आवाज आणि चार नळ्या

विस्कॉन्सिनमधल्या त्या चर्चच्या तळघरात शुक्रवारच्या सामुदायिक जेवणातले तळलेले मासे केव्हाच संपले होते, तरी कोणी खुर्ची सोडेना. सगळ्यांना प्रेस्टन व्हेल या फिरत्या विक्रेत्याचा चमत्कार बघायचा होता. त्याने दिवे मंद केले.

"मंडळी, ट्रान्झिस्टरमधलं सिलिकॉन म्हणजे नुसती वाळू. वाळूतून आवाज येतो, जीव येत नाही. माझ्या काचेच्या नळ्यांत ज्योत आहे. गेलेलं माणूस ज्योतीतूनच परत येतं."

"काचही वाळूचीच करतात," मागून कोणीतरी पुटपुटलं. तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

टेबलावर दोन ॲम्प्लिफायर होते. एक गावातल्या ऑर्विलचा, चाळीस वर्षं जुना ट्रान्झिस्टरचा खोका. दुसरा प्रेस्टनचा, डोक्यावर जुन्या रेडिओतल्यासारख्या चार नळ्या मिरवणारा. रेकॉर्डही ऑर्विलचीच. चर्चच्या गायकवृंदाची, आणि त्यात त्याची बायको मार्लिस गायली होती. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

जुन्या खोक्यावर गाणं दबकं वाटलं. मग प्रेस्टनने आपलं बटण दाबलं. नळ्या नारिंगी उजळल्या आणि त्याच क्षणी सुरांनी तळघर भरून गेलं. बायकांनी डोळे पुसले. इतकी वर्षं आपण मार्लिसला निर्जीव खोक्यातून ऐकत होतो, याची ऑर्विलला लाज वाटली. मासेमारीची होडी विकून हा ॲम्प्लिफायर घ्यायचा, हे त्याने तिथल्या तिथे ठरवलं आणि तसं बोलूनही दाखवलं.

"थांब रे ऑर्विल." मघाशी पुटपुटलेल्या एस्टर रूडबाई काठी टेकत पुढे आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या या बाईंनी अर्ध्या गावाला विज्ञान शिकवलं होतं. त्यांनी प्रेस्टनला यंत्र बंद करून पुन्हा लावायला सांगितलं. लावताक्षणी गाणं सुरू.

"आमच्या घरच्या नळ्यांच्या रेडिओला तापायला अर्धं मिनिट लागायचं. तेवढ्यात आई सगळ्यांची कॉफी ओतायची. तुझ्या नळ्या भलत्याच उतावळ्या आहेत, बाबा."

"हात लावू नका, भाजेल!" प्रेस्टन ओरडला.

बाईंनी उघड्या हाताने नळी उपटली. थंडगार. मग उरलेल्या तिन्ही उपटल्या. गायकवृंद आपला गातोच आहे. आधी एकजण खुदकन हसला, मग सगळं तळघर हसायला लागलं. झाकण काढलं तर नळ्यांखाली चार इवले दिवे आणि आत तळहाताएवढी ट्रान्झिस्टरचीच पट्टी. वर आवाजही त्याने गुपचूप जरा मोठा ठेवलेला. प्रेस्टन आपली टोपी विसरून पळाला.

बाईंनी ऑर्विलला जवळ बसवलं. "नळ्यांची खरी यंत्रंही असतात. कोणाला ती आवडतात, कोणाला ही ट्रान्झिस्टरची. तुला हवी ती घे. पण आवाज सारखा ठेवून आणि डोळे मिटून आधी ऐक. कानांनी ठरवायची गोष्ट डोळ्यांवर आणि दुःखावर सोपवू नकोस."

"पण बाई, माझ्या या जुन्या खोक्यात मार्लिस आहे का?"

त्यांनी रेकॉर्ड जुन्या खोक्यावर लावली आणि आवाज थोडा वाढवला. ऑर्विलने डोळे मिटले. गाणं संपलं, गायकवृंदातले सगळे थांबले. एकच आवाज नेहमीसारखा क्षणभर जास्त रेंगाळला.

"अजून उशिराच थांबते," ऑर्विल म्हणाला, आणि रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली.