मध्यंतरानंतर

"हे वाक्य परत वाचू?" मुलीने वर्तमानपत्र चहाच्या कपापलीकडे उभं धरत विचारलं. बाहेरगावच्या कामावरून ती सकाळीच परतली होती आणि शनिवारचा जुना अंक तिने स्वतः रद्दीतून हुडकून काढला होता.

"वाच की," परीक्षक म्हणाले आणि खुर्चीत जरा सैलावले. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला त्यांना मनापासून आवडायचं.

"'पूर्वार्धातला गोंगाट एकवेळ परवडला. उत्तरार्धात तर पार्श्वसंगीताचा असा भडिमार होतो की प्रेक्षकाच्या कानठळ्या बसाव्यात.'"

"जरा कडक झालं, कबूल. पण आवाजाचं काम पोटच्या पोरीने केलंय म्हणून मी गय करायची? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"गय नकोच, बाबा. मला एवढंच सांगा, कुठलं वाद्य जास्त झालं?"

"सगळीच! त्यातून ती व्हायोलिनं. उठता व्हायोलिन, बसता व्हायोलिन."

मुलीने अंकाची घडी घातली. ती रागावली असती तर परीक्षकांनी चार शब्द सुनावले असते, पण ती रागावली नाही. "उद्या सिनेमा उतरतोय," ती म्हणाली. "आज दुपारच्या खेळाला माझ्याबरोबर चला."

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. परीक्षक वर्षानुवर्षे मध्यंतराला उठत होते. संध्याकाळच्या आत लेख द्यायचा, एकाच दिवशी दोन दोन सिनेमे बघायचे, माणसाने करावं तरी काय? सुरुवात अशी नाइलाजाने झाली आणि मग अंगवळणी पडली. वर त्याला तत्त्वज्ञानही चिकटलं: शितावरून भाताची परीक्षा. रहस्यपटात खुनी मध्यंतरापर्यंत ओळखू आला नाही, तर तो दिग्दर्शकाचा दोष. भुताच्या सिनेमात भूत एकदा दिसलं की पुढे भ्यायचं कशाला? युद्धपटात शेवटी झेंडा फडकतो, प्रेमकथेत शेवटी कुणीतरी धावत सुटतं, विनोदी सिनेमात सगळे एकाच खोलीत सापडतात, त्यासाठी दीड तास कोण बसणार? जुन्या अभिजात चित्रपटांवर मात्र त्यांचा भारी जीव. 'हल्ली तसे शेवट होत नाहीत,' असं ते ठणकावून लिहीत. खरं म्हणजे ते सिनेमे त्यांनी नोकरी लागण्याआधी पाहिले होते, शेवटपर्यंत.

घरी आलं की बायको स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची, "शेवटी काय झालं हो?" आणि ते बूट काढता काढता शेवट रचून सांगायचे. ती "अगंबाई!" म्हणायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून कुणी विचारत नव्हतं.

या खेपेला मुलीने मुद्दाम बजावलं होतं, "शेवटपर्यंत बसा हं." "म्हणजे काय!" असं म्हणून गेलेले परीक्षक मध्यंतराला उठले होते. गुडघा ठणकत होता आणि पडद्यावरच्या बाजाराच्या गलबल्याने डोकं उठलं होतं. पूर्वार्ध एवढा, तर उत्तरार्ध किती, असं त्रैराशिक मांडून त्यांनी लेख देऊन टाकला होता.

दुपारच्या खेळाला बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. परीक्षक सवयीने दाराजवळच्या खुर्चीवर बसले, मुलगी शेजारी. तीच म्हाताऱ्या दुकानदाराची गोष्ट, तोच बाजार, तेच ढोलताशे. मध्यंतराआधी दुकानदाराची बायको जाते. दिवे लागले आणि परीक्षकांचे पाय त्यांना न विचारताच उभे राहिले.

"निघालात, साहेब?" दारवान लगबगीने आला. "नेहमीसारखी गाडी थांबवू?" मग त्याचं लक्ष मुलीकडे गेलं. "या कोण?"

"मुलगी," परीक्षक म्हणाले.

"वा! बाई, तुमच्या वडिलांच्या लेखणीला काय वजन आहे म्हणून सांगू! शनिवारी ह्यांचं छापून आलं नि रविवारपासून चिटपाखरू फिरकलं नाही. कानठळ्या बसवून घ्यायला कोण येतंय?"

बिचारा कौतुकाने बोलत होता. धरणीने पोटात घ्यावं असं परीक्षकांना झालं.

"गाडी नको," मुलगी म्हणाली. "आम्ही शेवटपर्यंत बसणार आहोत."

उत्तरार्ध सुरू झाला. दुकानदार घरी येतो, कुलूप काढतो, खाटेवर बसतो. संगीत नव्हतं. आता सुरू होईल, मग सुरू होईल, म्हणून परीक्षक अक्षरशः देवाचा धावा करत होते. एक तरी व्हायोलिन वाजू दे रे! एकही वाजलं नाही.

मग त्या रिकाम्या घरात पावलं ऐकू आली. सपातांची. एका सपातेचा तळ सुटलेला, एक पाऊल फटकन पडायचं आणि दुसरं फरफटायचं. पाठोपाठ अडकणाऱ्या कडीवर तळहाताची थाप. मग घसा खाकरणं, हलकं, दोनदा.

परीक्षक ताठ झाले. त्यांची बायको खोलीत येण्याआधी अशीच खाकरायची. नव्या सपाता आणतो, आणतो, असं ते शंभरदा म्हणाले होते आणि कधी आणल्या नव्हत्या. तिच्या शेवटच्या आजारपणात मुलगी आवाज टिपायचं यंत्र घेऊन तिच्या मागे मागे हिंडायची, तेव्हा हेच खेकसले होते, "भांड्याकुंड्यांचा आवाज कसला साठवतेस?" तो आवाज मुलीने त्यांच्यासाठी आणून ठेवला होता, आणि त्यांनी तो न ऐकताच कानठळ्या म्हणून छापला होता. शरमेने त्यांचे कान तापले. शेजारी बघायची त्यांची छाती झाली नाही.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मी माफी छापतो. मध्यंतराला उठून गेलो म्हणून स्पष्ट लिहितो. ठेवतील तर ठेवतील नोकरीवर."

"छापा," मुलगी म्हणाली. "पण सिनेमा उद्या उतरतोच आहे, बाबा."

बरंच अंतर चालून गेल्यावर त्यांनी चाचरत विचारलं, "तुझ्या आईला माहीत होतं? मी अर्ध्यातून उठतो ते?"

"पहिल्यापासून. शेजारच्या काकूंबरोबर जाऊन ती तोच सिनेमा सकाळच्या खेळाला आधी बघून यायची आणि मग तुम्हाला शेवट विचारायची. तुमची पाठ फिरली की आम्ही दोघी पोट धरून हसायचो."

"मग बोलली कशी नाही कधी?"

"म्हणायची, असू दे गं. ह्यांच्या शेवटात कुणी मरत नाही."

घरी पोचल्यावर परीक्षकांनी कडीवर थाप मारून दार उघडलं. मुलगी चहाचं आधण ठेवायला आत गेली. ते बूट काढायला वाकले आणि सवयीने थांबले. आज खरा शेवट त्यांना ठाऊक होता आणि विचारणारं कुणी नव्हतं.

"म्हातारा तिच्या सपाता दाराशी नीट लावून ठेवतो," स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत ते म्हणाले. "आणि दिवा मालवतो. एवढंच गं."

आत मुलीने नळ बंद केला आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.