अध्यक्षांची बायको

हफीजाने मेसेज पाठवला आणि जीभ चावली. ‘कागद मिळाले. मंगळवारचं विमान. सामान कमी ठेव. जेवलास का? — कादिर.’ घाईत पुन्हा तेच झालं होतं. तिच्या नवऱ्याने, कादिरने, उभ्या जन्मात कुणाला जेवणाचं विचारलं नव्हतं. त्याचे मेसेज म्हणजे तारा असायच्या, कामापुरते चार शब्द आणि खाली नाव. गेले तीन महिने ती त्याच्या नावाने लिहीत होती, त्याच्यासारखं कोरडं लिहायला शिकली होती, तरी दहातून दोनदा हात चुकायचाच. पलीकडचा माणूस दिवसभर गोठ्यात राबून खोलीवर आलेला आहे हे माहीत असताना त्याला न विचारता फोन ठेवणं तिला जमत नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर तिची लेक अफशाँ चार्टपेपर पसरून बसली होती. नववीचं प्रोजेक्ट होतं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या बायका आणि लोकांचं त्यांच्याबद्दलचं मत. टीचरने दहा जणी निवडून प्रत्येकीला पाचपैकी स्टार द्यायला सांगितले होते. नवऱ्याने देश चालवायचा आणि गुण बायकोला मिळायचे, हा प्रकार हफीजाला पहिल्या दिवसापासून नवलाचा वाटला होता.

“हे स्टार तुम्ही पोरींनीच काढलंत की खरंच असं करतात?”

“मम्मी, सच्ची में करते हैं. हिस्टोरियन्सना विचारतात, फिर रँकिंग लगती है. एलिनॉर रूझवेल्ट ऑलवेज फर्स्ट. लिंकनची वाइफ एकदम नीचे.”

“का? काय केलं तिने?”

“शॉपिंग बहुत करती थी म्हणे. और ये देखो, रोझलिन कार्टर. कॅबिनेट मीटिंगमध्ये बसायची, नोट्स घ्यायची, तर लोग बोले, हिला कोणी निवडून दिलं?”

हफीजा हसली. सोफ्यावर बसलेल्या कादिरकडे तिने पाहिलं. तो टीव्हीकडे बघत होता, पण टीव्ही बंद होता. उजवा हात मांडीवर ठेवल्या जागी पडून होता.

रियाधच्या कोकण मंडळाचा तो सलग दुसऱ्यांदा अध्यक्ष. कुणाचा राहायचा परवाना, इकामा, संपला, कुणाचा कफील, म्हणजे मालक, फोन उचलत नाही, कुणाचं मयत गावी पाठवायचं आहे, की फोन कादिर मुकादमला. तीन महिन्यांपूर्वी सकाळी दाढी करताना त्याच्या हातून वस्तरा पडला आणि तोंडातून शब्दांऐवजी नुसता आवाज आला. हॉस्पिटलमधून आठ दिवसांनी घरी आला तेव्हा चालता येत होतं, पण बोलताना जीभ जड पडायची, अर्धं वाक्य लाळेत जायचं. कंपनीने आजारपणाची रजा दिली. मंडळाला मात्र पाठीचं दुखणं असं कळवलं गेलं. ते कादिरनेच डाव्या हाताने कागदावर लिहून हफीजाला सांगितलं होतं. माझा आवाज कुणाला ऐकवू नकोस. तिने ऐकलं. मंडळाचा फोन मात्र बंद ठेवता येईना. पहिल्या रात्री अल खर्जच्या गोठ्यावर काम करणाऱ्या धोंडीरामचा मेसेज आला, दोन वर्षं इकामा नाही, कंपनी कागद देत नाही, पोरीचं लग्न ठरलंय. हफीजाने उत्तर दिलं आणि खाली नवऱ्याचं नाव घातलं. मग ते तसंच चालू राहिलं.

“और इसको मैंने वन स्टार दिया,” अफशाँने एका काळ्या-पांढऱ्या फोटोवर बोट ठेवलं. टोपी घातलेली धिप्पाड बाई होती. “एडिथ विल्सन. हजबंडला स्ट्रोक आला. नाइन्टीन नाइन्टीनमध्ये. हिने पूरी दुनिया से छुपाया. कोण भेटणार, कुठला कागद त्याच्यापर्यंत जाणार, सब ये डिसाइड करती थी. दीड साल!”

हफीजाच्या हातातला फोन टेबलावर उलटा ठेवला गेला.

“मग तिला विचारलं नाही कुणी?”

“नंतर विचारलं ना. ती बोलली, मी एकपण डिसिजन घेतला नाही. मी फक्त काय महत्त्वाचं ते ठरवत होते.” अफशाँने कात्री ठेवली. आईकडे न बघता म्हणाली, “शी लाइड, मम्मी.”

“हो. खोटं बोलली.”

“छुपाया, वो तो...”

“लपवलं ते नव्हे गो. नवरा आजारी असला तर बाई लपवणारच. एकही निर्णय घेतला नाही म्हणाली, ते खोटं. दीड वर्षं काय महत्त्वाचं ते ठरवलंस, मग आणखी निर्णय म्हणजे काय असतो? घेतले म्हणून सांगायचं होतं.”

अफशाँने एडिथचा फोटो चार्टवर सरळ केला. मग हळूच म्हणाली, “तो फिर तू भी बोल दे ना कल.”

सोफ्यावरून कादिरने मान वळवली. ओठ हलले, शब्द यायला वेळ लागला. “न...नको. नको सां...गू.”

उद्याचं त्या तिघांनाही माहीत होतं. मंडळाचे सेक्रेटरी विनोद परवा न कळवता घरी आले आणि दार उघडायला नेमका कादिरच गेला. अहो-भाई करत विनोद तासभर बसले, डोळ्यांत पाणीही आणलं, आणि जाता जाता तोडगा सांगून गेले. उद्या शुक्रवारी वार्षिक सभा. आजारपणातही अंथरुणावरून एकवीस जणांची कामं केल्याबद्दल मंडळ कादिरभाईंचा सत्कार करेल. शाल, सन्मानचिन्ह, फोटो. कादिरभाई तब्येतीच्या कारणाने पद सोडतील, पुढचं विनोद बघतील. “भाभी, तुमचं नाव कुठे येणार नाही. काळजीच नको,” ते म्हणाले होते. जसं काही नाव येणं हीच काळजी होती.

कार्यक्रमाचा कागदही छापून आला होता. त्यावर होतं, ‘सत्कार : श्री. व सौ. कादिर मुकादम.’ तिला त्याचा राग यायला नको होता. लग्नाला सतरा वर्षं झाली, चारचौघांत कादिरनेही कधी तिचं नाव घेतलं नव्हतं. बाहेरच्यांशी बोलताना ती अफशाँची मम्मी, नाहीतर नुसतं ‘घरात’. घरात विचारून सांगतो, घरात बरं नाही. त्यांच्याकडचे सगळेच पुरुष असं बोलतात, तिचे वडीलही तसेच बोलायचे. पण या वेळी राग आला, आणि रात्रभर तो गेला नाही.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर शहराबाहेरच्या इस्तिराहात माणसं जमली. भाड्याचं विश्रामगृह, मध्ये हिरवळीची चटई, एका बाजूला पोरांचा पाळणा. अल खर्जहून मिनीबस आली होती, कामगारांच्या कॅम्पमधले काही जण टॅक्सी करून आले होते. बायका नेहमीप्रमाणे मागच्या खुर्च्यांवर. हफीजाला मात्र आज पुढे बसवलं होतं, कादिरच्या शेजारी, मांडीवर पुष्पगुच्छ देऊन. सत्काराची शाल विनोदनी अशी पांघरली की कादिरचा उजवा हात पूर्ण झाकला गेला. त्या माणसाला इतकं सुचतं, याचं तिला कौतुकच वाटलं.

“कादिरभाईंचा घसा बसलाय,” विनोद माइकवर म्हणाले, “म्हणून ते दोन शब्द बोलणार नाहीत. पण पाठीचं एवढं दुखणं असताना पडल्या पडल्या या माणसाने मंडळाचा एकही फोन रिकामा जाऊ दिला नाही. आपला धोंडीराम मंगळवारी घरी चाललाय, कोणामुळे?”

टाळ्या झाल्या. कादिरने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला असणार. हफीजाला त्याच्या कानाची लाल पाळी दिसली. तिने उठून पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला.

“विनोदभाऊ, जरा थांबा.”

माइक तिने मागितला नाही. आवाज तसाही पोचत होता.

“ह्यांची पाठ दुखत नाही. ह्यांना झटका आला होता. तीन महिने झाले. हात चालत नाही, बोलायला त्रास होतो. तुमच्या मेसेजना उत्तरं मी दिली. नाव ह्यांचं घातलं, ती माझी चूक. त्याबद्दल माफी मागते.”

विनोदनी घाम पुसला, पण माणूस सभा सांभाळण्यात मुरलेला होता.

“हा भाभींचा मोठेपणा,” ते हसून म्हणाले. “कादिरभाई सांगायचे, त्या लिहून घ्यायच्या. हो ना, भाभी? घरच्या माणसाची तेवढी मदत असतेच.”

हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. शाल राहिली असती, फोटो निघाला असता, नवऱ्याची मान राहिली असती. चार खुर्च्या मागे अफशाँ बसली होती. हफीजाने मागे पाहिलं नाही.

“नाही. ते सांगत नव्हते. दूतावासाला कुठलं पत्र जाणार, कुणाच्या कंपनीला आधी फोन करायचा, कुणाला थांब म्हणायचं, ते मी ठरवलं. निर्णय मी घेतले.”

“अहो, पण भाभी,” आता विनोदांचा आवाज चढला, “मंडळाला काही घटना आहे की नाही? तुम्हाला कोणी निवडून दिलं?”

मागच्या खुर्च्यांत कुणीतरी पोरीच्या आवाजात “ओह गॉड” म्हणालं.

“कोणी नाही,” हफीजा म्हणाली. “तुम्ही अध्यक्ष निवडलात, मी त्याच्यासोबत फुकट मिळाले. सहा वर्षं दीडशे माणसांची बिर्याणी मी करते. मयताच्या घरी गावाला फोन लावून त्या बाईशी बोलायचं असलं की तुम्ही सगळे पुरुष माझ्याकडे फोन देता. तेव्हा नाही कोणी विचारलं, मला कोणी निवडून दिलं.”

मागून एका बाईने टाळी वाजवली आणि घाबरून थांबली. तेवढ्यात मिनीबसवाल्यांच्या रांगेतून धोंडीराम उठला. साताऱ्याकडचा पन्नाशीचा माणूस, सभेसाठी नवा सदरा घालून आलेला. उठला खरा, पण बोलायचं कसं ते सुचेना.

“साहेब, रागावू नगा,” तो विनोदना म्हणाला. “आमास्नी पयल्या दिसापासनं ठावं हुतं.”

“काय ठावं होतं?”

“लिवणारं कादिरभाई न्हाईत ते. तीन वर्सं वळखतो म्या त्येंना. देवमाणूस, पर जेवलास का म्हून कधी इचारलं न्हाई. अन् ह्यो फोन रोज इचारतुया.” तो थांबला. “खोलीत आमी आठ जण. येकमेकाला मेसेज दाखवायचो. भाभीनं इचारलंय रं, असं म्हणायचो. कुनाला बोललो न्हाई, म्हटलं त्येंच्या घरची बाब.”

अल खर्जची सगळी रांग हसली, मग मागच्या बायका हसल्या. हफीजाला वाटलं होतं आपण किती जपलंय. आठ माणसं एका खोलीत बसून तिला वाचत होती, आणि तिला झाकतही होती. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

विनोदनी घड्याळ पाहिलं. निवडणूक पुढच्या महिन्यात होईल, तोवर मंडळाचा फोन सेक्रेटरीकडे जमा करावा, असं त्यांनी जाहीर केलं.

“फोन देणार नाही,” हफीजा म्हणाली. “मंगळवारी धोंडीराम विमानात बसू दे. मग निवडणूक घ्या आणि उमेदवारांत माझं नाव लिहा. सौ. कादिर नको. हफीजा मुकादम.”

कादिरने एकदाही वर बघितलं नव्हतं.

परतीच्या रस्त्यावर गाडी तीच चालवत होती. शेजारी कादिर, मागे अफशाँ. शाल त्याने कधीच काढली होती, ती पायांशी गोळा होऊन पडली होती. सन्मानचिन्ह इस्तिराहातच राहिलं, ते कुणी आणलंच नाही. अर्धा तास तो खिडकीबाहेर बघत होता. जे केलं त्याचा तिला पश्चात्ताप नव्हता, पण या माणसाने तिच्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि तीच तिने शंभर लोकांसमोर मोडली होती. माफ करा म्हणावं असं दोनदा ओठांवर आलं. दोन्ही वेळा तिने गिअर बदलला आणि गिळून टाकलं.

“मम्मी,” अफशाँ मागून म्हणाली, “एडिथला किती स्टार देऊ?”

“तुझा चार्ट. तू ठरव.”

तेवढ्यात मंडळाचा फोन वाजला. दोन आसनांच्या मधल्या खाचेत तो पडला होता. अनोळखी नंबर. हफीजाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर ट्रकची रांग. रोज ती असला फोन कापायची आणि मागून मेसेज करायची, कारण ना कादिरचा आवाज ऐकवता येत होता, ना तिचा.

कादिरने डावा हात पुढे केला. अंगठ्याने हिरवं बटण दाबायला त्याला दोन प्रयत्न लागले. मग फोन स्वतःच्या कानाला लावला. पलीकडून कुणीतरी घाईघाईने बोलत होतं, कॅम्प, इकामा, आजारी, असे तुकडे गाडीत ऐकू येत होते. कादिरने सगळं ऐकून घेतलं.

“थां...थांब,” तो म्हणाला. शब्द जिभेवर अडकला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ उतरली, ती त्याने पुसली नाही. पलीकडचा “कोण? कोण बोलतंय?” असं ओरडत होता.

“का...कादिर. थांब. ह...” त्याने श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. “हफीजाला देतो.”

आणि त्याने फोन तिच्या कानाशी धरला.